टोपीची दोरी



२४ डिसेंबर म्हणजे राष्ट्रीय ग्राहक दिन. १९८६ साली याच तारखेला ग्राहक संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली, म्हणून हा दिवस. दरवर्षी या दिवशी आपल्याला ग्राहकाचे हक्क सांगितले जातात आणि ते सांगायलाच हवेत. पण या सदराचे वाचक नुसते ग्राहक नाहीत. तुमच्यातली कितीतरी मुलं-मुली आता स्वतः काही ना काही बनवून विकतात. कोणी मसाले, कोणी साबण, कोणी कपडे. म्हणून या वेळी दुकानाच्या गल्ल्यामागे उभं राहून थोडं बोलू. विषय मी शोधायला गेलो नव्हतो, तो माझ्याच घरातून आला.

माझी पुतणी पलसाण्यात लहान मुलांचे कपडे शिवते. हायवेपासून थोडं आत एक भाड्याचा हॉल, सहा शिलाई मशीन, दोन ओव्हरलॉक, आठ बायका आणि ती. बी.कॉम. झाल्यावर दोन वर्षं एका मिलच्या ऑफिसात बिलं फाडली आणि मग एक दिवस म्हणाली, "काका, दुसऱ्याचा हिशोब किती दिवस लिहायचा?" दादाने थोडी कुरकुर केली, वहिनीने आपली पाटली मोडून पहिलं मशीन घेऊन दिलं. आमच्यासारख्या अमळनेर-धुळ्याकडून सुरतेत आलेल्या घरांत अशा गोष्टी नव्या नाहीत. आमच्या आधीच्या पिढीने लूमवर पाळ्या केल्या, आम्ही मिलच्या लॅबमध्ये आणि ऑफिसात बसलो, आता पोरं मालक व्हायला निघाली आहेत.

गेल्या श्रावणात तिला पहिली बाहेरची ऑर्डर मिळाली. न्यू जर्सीत राहणारी एक मराठी मुलगी ऑनलाइन छोटं दुकान चालवते, तिला तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी टोपीच्या हुडी हव्या होत्या. चारशे नग. नमुना म्हणून तिने फोटो पाठवला होता. त्यात टोपीला जाड दोरी, दोरीच्या टोकांना प्लास्टिकचे स्टॉपर. पुतणीने अगदी तसंच शिवलं. एका शनिवारी संध्याकाळी फोन आला, "काका, माल पॅक व्हायच्या आधी एकदा येऊन बघा ना. धुलाईत रंग जाणार नाही ना, तेवढं सांगा."

गेलो. टेबलावर मोहरीच्या रंगाच्या हुडींची चळत होती. शिलाई सरळ, धागे कापलेले, इस्त्री सुरेख. मी एक उचलली, रंग पाहिला, आतली बाजू पाहिली. मग टोपीतून लोंबणारी दोरी हातात आली आणि माझं तोंड उतरलं.

"काय झालं?"

"बेटा, ही दोरी चालत नाही."

"म्हणजे? फोटोत तर आहे."

"फोटोत असेल. अमेरिकेत मुलांच्या टोपीला आणि गळ्याला दोरी चालत नाही."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने जे विचारलं त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. "काका, तुम्हाला हे कधीपासून माहीत आहे?"

खरं उत्तर होतं, कितीतरी वर्षांपासून. मी कापडाच्या लॅबमध्ये तीसेक वर्षं काढली, आधी पांडेसऱ्यात आणि पुढे पलसाण्यात. परदेशी पार्ट्यांच्या अटींचे कागद माझ्या कपाटातल्या एका फायलीत लावलेले असतात. दोरीचा कागद त्यातच होता. मी तो वाचला होता, सही करून पुढे पाठवला होता. दर रविवारी मी दादाकडे जेवायला जातो. पुतणी मशीन घेते आहे, मुलांचे कपडे शिवते आहे, हे सगळं डोळ्यांसमोर होतं. तरी तो कागद तिला दाखवावा हे मला एकदाही सुचलं नाही. तिने विचारलं नाही कारण असं काही विचारायचं असतं हेच तिला माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही कारण तिला ते माहीतच असणार असं मी धरून चाललो.

नियमांचं नेमकं हेच होतं. ते असतात, पण कोणाच्या तरी कपाटात.

दोरीत एवढं काय आहे?

लहान मूल घसरगुंडीवर चढतं. वर बसताना टोपीची दोरी पट्टीच्या फटीत जाते, स्टॉपर किंवा गाठ तिथे अडकते आणि मूल मात्र खाली सरकतं. पुढचं लिहायची गरज नाही. कमरेची लांब दोरी बसच्या दारात अडकते आणि बस निघते. असे अपघात अमेरिकेत वारंवार घडले, मुलं दगावली. तिथे ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोग नावाची सरकारी संस्था आहे, १९७२ च्या कायद्याने स्थापन झालेली. तिने १९९६ साली कारखानदारांना मार्गदर्शक सूचना दिल्या: दोन ते बारा वर्षांच्या मापाच्या वरच्या कपड्यांना टोपीत आणि गळ्यात दोरी नको. कमरेच्या दोरीसाठी ही अट सोळाच्या मापापर्यंत आहे. कपडा पूर्ण ताणल्यावर दोरी तीन इंचांपेक्षा जास्त बाहेर येता कामा नये, टोकाला गाठ किंवा स्टॉपर नको आणि मध्ये ती कपड्याला टाक्याने पक्की हवी. २०११ साली आयोगाने नियमच केला की हे न पाळणारा कपडा मुळातच धोकादायक धरला जाईल. युरोपातही याच कारणासाठी वेगळं मानक आहे.

फरक पडला का? पडला. त्या सूचनांनंतर टोपी-गळ्याच्या दोरीने होणारे मृत्यू तीन-चतुर्थांशाने कमी झाले, असा आयोगाचाच अंदाज आहे. औषध नाही, यंत्र नाही. एक दोरी काढली, एवढंच.

एक जुनी गोष्ट

मी लॅबमध्ये नवा होतो तेव्हाची, १९९४ सालची आठवण सांगतो. त्या वर्षी ऑगस्टमध्ये याच अमेरिकी आयोगाने भारतात बनलेले रेयॉनचे झिरझिरीत स्कर्ट बाजारातून परत बोलावले. आकडा अडीच लाखांच्या घरात होता. ते कापड वर्तमानपत्रापेक्षाही वेगाने पेट घेत होतं. स्कर्ट तिकडे तरुण मुलींना फार आवडले होते आणि इकडे तो माल पाठवणाऱ्यांचे दिवस चांगले चालले होते. एका बातमीने सगळं थांबलं.

विशेष म्हणजे नियम नवा नव्हता. पेट घेणाऱ्या कापडांचा अमेरिकी कायदा १९५३ सालचा, म्हणजे त्या वेळी चाळीस वर्षं जुना. परीक्षाही साधी आहे. कापडाची पट्टी ४५ अंशांच्या कोनात धरायची, एक सेकंद ज्योत लावायची आणि पाच इंच जळायला किती वेळ लागतो ते मोजायचं. साध्या विणीचं कापड साडेतीन सेकंदांच्या आत जळून गेलं तर ते कपड्यासाठी बाद. पूर्ण पॉलिस्टरच्या कापडाला या परीक्षेतून सूट आहे, म्हणून आपल्या सुरतेच्या बहुतेक मालाला त्याची झळ लागली नाही. पण ज्यांनी हलकं, विरळ रेयॉन विणलं, रंगवलं, शिवलं, त्यांच्यापैकी कितीजणांनी त्या पाच इंचांबद्दल कधी ऐकलं असेल?

त्याच सुमारास जर्मनीने काही ॲझो रंगांवर बंदी आणली. हे रंग कातडीशी संपर्कात राहिले की त्यांतून कर्करोगाला कारण ठरणारी रसायनं सुटू शकतात. आपल्या सरकारने १९९७ पर्यंत असे ११२ रंग हाताळण्यावर बंदी घातली. पुढे युरोपने कापडात अशा रसायनांची मर्यादा किलोला ३० मिलिग्रॅम ठरवली. आपल्या पॉलिस्टरला लागणाऱ्या डिस्पर्स रंगांतही दोन निळे, १०६ आणि १२४ क्रमांकाचे, अंगावर ॲलर्जी उठवण्यासाठी ओळखले जातात. गडद निळ्या किंवा काळ्या घट्ट कपड्याने कोणाला काखेत, मांडीला चट्टे आले तर नुसती उष्णता समजू नका, डॉक्टरांना कपडाही दाखवा.

हे सगळं मोठ्या मिलच्या लॅबला ठाऊक असतं, कारण त्यांची पार्टी कागद पाठवते, माणूस पाठवते, माल नाकारते. पण कापड मिलमधून निघून जॉबवर्कला जातं, तिथून शिलाईला, तिथून लेबल लावायला. प्रत्येक पायरीवर माहिती थोडी गळते आणि शेवटच्या मशीनपर्यंत पोचतो तो फक्त फोटो आणि भाव.

रविवारची पंगत

तर त्या शनिवारी रात्री न्यू जर्सीला फोन लावला. त्या मुलीलाही काही माहीत नव्हतं. ती फोटो पाहून ऑर्डर देणारी, ही फोटो पाहून शिवणारी. आणि तिथल्या कायद्याने आयात करणाऱ्यावरच सगळी जबाबदारी येते. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या वस्तूंसाठी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासणी, तिच्या आधारे आयातदाराने द्यायचं प्रमाणपत्र, कपड्यावर कायम टिकणारं लेबल, ज्यावरून माल कुठे आणि केव्हा बनला ते कळेल. चेन आणि बटणांतल्या शिशाची मर्यादा दहा लाख भागांत शंभर भाग. मी एकेक सांगत गेलो आणि पलीकडे शांतता वाढत गेली. शेवटी ती म्हणाली, "काका, बरं झालं माल निघाला नाही."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दादा, वहिनी, मी, माझी दोन मुलं, कारखान्यातल्या तीन बायका आपल्या आपण आल्या. चारशे हुडींच्या दोऱ्या ओढून काढायच्या, रिंगांची भोकं बंद करायची, टोपीच्या काठाला आतून इलास्टिक घालायचं. वहिनीने वरणबट्टी केली होती. आमची माय, वय ऐंशीच्या पुढे, कोपऱ्यात खुर्चीवर बसून बघत होती. तिला काय चाललंय ते समजावून सांगितलं. ती म्हणाली, "पोरना गयामा दोरी बांधतस का कोनी?"

लेकराच्या गळ्यात दोरी बांधतं का कोणी? तिने सहा मुलं वाढवली. पाळण्यात मूल असताना गळ्यात दोरासुद्धा राहू द्यायची नाही. अमेरिकेच्या आयोगाला जे १९९६ मध्ये लिहावं लागलं ते तिला कोणी शिकवलं नव्हतं.

तपासणीसकट माल तीन आठवडे उशिरा गेला. नफा जवळपास उरला नाही. पार्टी मात्र टिकली.

पण बारडोलीच्या दुकानाचं काय?

खरी अडचण नंतर आली. त्याच हुडीचे दीडशे नग तिने बारडोलीच्या एका दुकानदारासाठी शिवून ठेवले होते, थंडीसाठी. त्यांना दोऱ्या तशाच होत्या. ती म्हणाली, "काका, हे राहू द्यायचे ना? इथे कोण विचारतो? आणि दुकानदाराला दोरीच हवी आहे. दोरी असली की माल भारी दिसतो."

मी लगेच काही बोललो नाही. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. चारशे नगांत कमाई गेली होती, या दीडशेवर महिन्याचं भाडं निघणार होतं. मी तिला दोन गोष्टी सांगितल्या.

एक कायद्याची. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये नव्याने झाला आणि २० जुलै २०२० पासून लागू आहे. त्यात 'उत्पादन दायित्व' नावाचं पूर्ण प्रकरण आहे. वस्तूच्या रचनेतच दोष असेल, किंवा धोका टाळण्यासाठी द्यायला हवी ती सूचना दिलेली नसेल आणि त्यामुळे कोणाला इजा झाली, तर बनवणाऱ्याकडून भरपाई मागता येते. बनवणारा सापडत नसेल तर काही परिस्थितींत विकणाराही जबाबदार ठरतो. सहा मशीनची असो की सहाशेची, कायद्याच्या दृष्टीने ती बनवणारी. याच कायद्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आहे आणि धोकादायक माल परत बोलावण्याचा अधिकार त्याला आहे.

दुसरी गोष्ट कायद्याची नव्हती. मी म्हटलं, "बारडोलीतल्या पोराचा गळा न्यू जर्सीच्या पोरापेक्षा वेगळा असतो का? आपल्याकडेही बागेत घसरगुंडी आहे, शाळेची व्हॅन आहे. व्हॅनमध्ये तर दहाच्या जागी पंधरा मुलं असतात."

ती काही बोलली नाही. चार दिवसांनी गेलो तर दीडशे हुडी दोरीविना घडी करून ठेवलेल्या. टोपीपुढे कापडाचाच छोटा बो, चारही बाजूंनी पक्का शिवलेला. दुकानदाराने नगामागे वीस रुपये कमी दिले. तिने ते वहीत खर्चाच्या बाजूला लिहिले. मी पाहिलं, समोर कारण लिहिलं होतं: "दोरी".

तुमच्यासाठी

आता तुमच्यापैकी जे काही बनवतात किंवा ज्यांच्या घरी कोणी बनवतं, त्यांनी पहिला नग शिवण्याआधी, तळण्याआधी, ओतण्याआधी एवढं करावं.

आधी विचारा, ही वस्तू कोण वापरणार? लहान मूल वापरणार असेल तर नियम जवळपास नेहमीच कडक असतात. उरलेल्या चिंध्यांच्या बाहुल्या शिवून विकायचा बेत पुतणीचाही होता. चौदा वर्षांखालील मुलांनी खेळायची वस्तू म्हणजे खेळणं, मग ती कापडाची का असेना. खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना यातून सूट आहे, म्हणजे नोंदणीचा रस्ता आहे, तो माहीत हवा. प्रेशर कुकर आणि दुचाकीचं हेल्मेट यांनाही २०२१ पासून सक्ती आहे. हे विकणाऱ्यालाही लागू होतं, नुसतं बनवणाऱ्याला नाही.

मग विचारा, माल कुठे जाणार? अमेरिकेचे नियम वर सांगितले. युरोपात १३ डिसेंबर २०२४ पासून नवा सर्वसाधारण उत्पादन सुरक्षा नियम लागू आहे. बाहेरून येणाऱ्या मालासाठी तिथे राहणारी एक जबाबदार व्यक्ती किंवा संस्था ठरवावी लागते. मावशीच्या मुलीला पार्सल पाठवणं वेगळं आणि तिच्या दुकानासाठी माल पाठवणं वेगळं.

तिसरं, नियम आजचा आहे ना ते बघा. पॉलिस्टरच्या काही धाग्यांवर २०२३ मध्ये गुणवत्ता नियंत्रणाचे आदेश लागू झाले, सुरतेत त्यावर केवढी चर्चा झाली. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने त्यांपैकी बरेच आदेश मागे घेतले. गेल्या वर्षीच्या व्हॉट्सॲप मेसेजवर आज धंदा करू नका. भारतीय मानक ब्यूरोच्या संकेतस्थळावर भारतीय मानकं फुकट वाचायला मिळतात. ब्यूरोचं शाखा कार्यालय सुरतेत आहे आणि 'मानक मंथन' नावाच्या त्यांच्या बैठकांत उद्योजकांना बसून विचारता येतं. फोनवर 'बीआयएस केअर' ॲप घ्या, आयएसआय चिन्हाजवळचा परवाना क्रमांक टाकला की तो खरा की खोटा ते कळतं. ग्राहक म्हणून तक्रार असेल तर १९१५ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

आणि चौथं, जे कळलं ते खालच्या मशीनपर्यंत न्या, आणि तिच्या भाषेत न्या. पुतणीने आता हॉलच्या भिंतीवर एक पुठ्ठा लावला आहे, गुजराती, मराठी आणि हिंदीत. वर हुडीचं चित्र, दोरीवर लाल फुली. तिच्याकडच्या एका बाईने ते पाहून घरी आपल्या मुलाच्या जुन्या जॅकेटची दोरी काढली. ते जॅकेट आमच्याकडचं नव्हतं.

आपल्या मंडळात मिलवाले आहेत, सीए आहेत, केमिस्ट आहेत, शाळेत शिकवणारे आहेत. प्रत्येकाच्या कपाटात असा एखादा कागद असणार, जो आपल्याच माणसाला हवा आहे आणि त्याला ते ठाऊकही नाही. मी माझी फाईल पुतणीला फोटो काढायला दिली. तुम्हीही आपापलं कपाट एकदा उघडून बघा. आणि तुम्ही जे बनवता त्याबद्दल प्रश्न असेल तर मंडळाच्या पत्त्यावर लिहा. मला येत असेल तर सांगेन, येत नसेल तर ज्याला येतं त्याच्याशी गाठ घालून देईन.

पुढच्या महिन्यात भेटू. तोवर घरातल्या लहानग्यांच्या टोप्या तेवढ्या तपासा.